चावी काढल्यावर काय होतं? बाईकवर रास्पबेरी पाय बसवायचा की आर्डुइनो

परवा पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत उभा होतो, हीट श्रिंक आणि दोन फ्यूज होल्डर घ्यायला. शेजारी एक कॉलेजचा पोरगा दुकानदार काकांना म्हणाला, काका बाईकवर कॉम्प्युटर बसवायचाय, रास्पबेरी पाय द्या. काकांनी खणातून बोटाएवढा ‘रास्पबेरी पाय पिको’ नावाचा बोर्ड काढून काउंटरवर ठेवला. पोरगा एकदम खुश, एवढा स्वस्त? मग म्हणाला, यावर मॅप चालेल ना, आणि मागचा कॅमेरा? काका माझ्याकडे बघायला लागले, मी काकांकडे.

आता यात चूक कोणाची म्हणाल तर खरं म्हणजे नावाची. पिकोवर नाव रास्पबेरी पायचंच आहे, पण तो जातीने आर्डुइनोच्या, म्हणजे एकच काम करणाऱ्या छोट्या बोर्डांच्या, घरातला. एकाच आडनावाची दोन माणसं, एक वकील आणि एक सुतार, तसं झालंय हे. सुताराकडे कोर्टाची केस घेऊन गेलात तर तो बिचारा काय करणार.

बाईकवर काहीतरी लावायचंय म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांचा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझ्या जुन्या १५० सीसीवर मी दोन्ही लावून बघितलेत, आणि दोन्ही वेळा शेण खाल्लंय, फक्त वेगवेगळ्या प्रकारचं.

रास्पबेरी पाय, म्हणजे मोठा, ३, ४, ५ किंवा झिरो, हा खराखुरा कॉम्प्युटर आहे. २०१२ मध्ये इंग्लंडमधून आला. त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, मेमरी कार्डवर फायली असतात, एचडीएमआयला स्क्रीन लागते, कॅमेरा लागतो, एकावेळी दहा कामं चालतात. आर्डुइनो २००५ चा, इटलीतला, आणि त्याच्या युनो बोर्डवर जो एटीमेगा ३२८पी नावाचा चिप आहे त्याला १६ मेगाहर्ट्झ आणि २ केबी रॅम. दोन केबी. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो पण त्यात मावत नाही. ईएसपी३२ आणि पिको हे त्याचेच धाकटे पण जास्त तगडे भाऊ, ईएसपी३२ ला २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ, पिकोला २६४ केबी. पण जात तीच, मायक्रोकंट्रोलर. ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे भानगड नाही, तुम्ही लिहिलेला एकच प्रोग्राम, तोच गोल गोल फिरत राहतो, वीज आहे तोवर.

पुण्याच्या भाषेत सांगतो. पाय म्हणजे पेठेतलं दुकान. सकाळी शटर वर करा, झाडू मारा, उदबत्ती लावा, खतावणी उघडा, मग पहिलं गिऱ्हाईक. संध्याकाळी गल्ला मोजा, हिशोब लिहा, मग शटर. हिशोब लिहिता लिहिता कोणी दिवे घालवले तर दुसऱ्या दिवशी वहीत काय असेल ते देवाला ठाऊक. आणि आर्डुइनो म्हणजे पिठाची गिरणी. लाईट गेली, थांबली. लाईट आली, पट्टा फिरला. मधे काय झालं याच्याशी तिला घेणंदेणं नाही.

आता बाईकवर काय होतं? सिग्नलला चावी बंद. पेट्रोल भरताना चावी बंद. चहाला थांबलो चावी बंद, परत चालू, स्टार्टर मारला की बॅटरीचा व्होल्टेज घसरतो तो वेगळाच. दिवसातून पंधरा-वीस वेळा अंगावरची वीज अचानक ओढून घेतली जाते. म्हणजे बाईक हे गिरणीचं घर आहे, दुकानाचं नाही, आणि कोणता बोर्ड घ्यायचा याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं, प्रोसेसर किती फास्ट वगैरे नंतरचं.

मी हे कसं शिकलो तर, पाय ४ सीटखाली बसवला, इग्निशनच्या वायरवरून सप्लाय घेतला, टाकीवर छोटी स्क्रीन लावली, आठ दिवस मित्रमंडळींना दाखवत हिंडलो. नवव्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये चावी फिरवली तर स्क्रीनवर पांढरी अक्षरं आणि शेवटी ‘कर्नल पॅनिक’, म्हणजे लिनक्सने मान टाकली. कार्ड गेलं होतं. म्हणजे कार्ड हार्डवेअर म्हणून ठीक होतं, पण त्यावर काहीतरी लिहिलं जात असतानाच मी रोज वीज कापत होतो, त्यात फाईल सिस्टिमची वाट लागली. कार्डवर सगळी सिस्टिम नव्याने टाकली, बारा दिवसांनी परत तेच. चूक पूर्णपणे माझी, कॉम्प्युटरचा प्लग रोज वीस वेळा भिंतीतून उपटला तर तो किती दिवस ऐकून घेईल.

उपाय आहेत, नाही असं नाही. एक म्हणजे पायला इग्निशनवरून नाही तर फ्यूज लावून सरळ बॅटरीवरून सप्लाय द्यायचा, मधे एक डिले रीले, आणि इग्निशनची वायर ऑप्टोकपलर (वीज न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोचवणारा पार्ट) लावून एका पिनला, म्हणजे चावी बंद झाली की पायला ते कळतं, तो स्वतःहून शटडाऊन घेतो आणि तीस-चाळीस सेकंदांनी रीले सप्लाय तोडतो. दुसरं, सेटिंगमध्ये ओव्हरले फाईल सिस्टिम चालू करायची म्हणजे कार्डवर काही लिहिलंच जात नाही, पण मग राईडचा लॉग साठवायचा तर त्याला वेगळी जागा द्यावी लागते. दोन्ही केलं तर पाय टिकतो. पण बघा ना, पेट्रोल भरायला थांबलात, चावी बंद करून दोन मिनिटात परत चालू केलीत, तो अजून शटर उघडतोय. बूट व्हायला वीस-तीस सेकंद धरा. ईएसपी३२ एका सेकंदाच्या आत जागा होतो, तुमचा अंगठा स्टार्टरवर जायच्या आधी.

आणि बॅटरी. रीले लावायचा कंटाळा करून कोणी पाय कायमचा चालू ठेवला तर बघा, पाय ४ काही न करता नुसता बसून ३ वॉटच्या आसपास खातो, म्हणजे १२ व्होल्टवर कन्व्हर्टरचा लॉस धरून पाव ते तीन दशांश अँपिअर. बॅटरी ९ एएचची (अँपिअर-तास) धरली तर कागदावर तीस तास, प्रत्यक्षात पंधरा तासांतच स्टार्टर कुरकुरायला लागेल. शनिवारी लावलेली गाडी सोमवारी किकवर. आणि किक आता नव्या गाड्यांना असते कुठे.

पण आर्डुइनोवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. चावी काढली की त्याच्या रॅममधलं सगळं जातं, मग ट्रिप मीटरचे किलोमीटर कुठे ठेवणार? त्यासाठी युनोच्या चिपमध्ये ईईप्रॉम असते, वीज गेली तरी लक्षात ठेवणारी मेमरी, १ केबी. तिच्या प्रत्येक खान्याची लिहिण्याची मर्यादा १ लाख वेळा दिलेली आहे. आता कोणी हौसेने दर १०० मीटरला किलोमीटर सेव्ह करायला लावले, एकाच खान्यात, तर १०,००० किलोमीटरला ती मर्यादा संपली. रोज ३० किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याचं हे वर्षभरात होतं. मी हेच केलं होतं! दर किलोमीटरला लिहा, किंवा खाने बदलत बदलत लिहा, किंवा सगळ्यात भारी म्हणजे सप्लायला एक डायोड आणि त्याच्या पुढे १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. चावी गेल्याचं पिनला कळलं की कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर चार बाइट लिहून होतात, एका बाइटला जेमतेम साडेतीन मिलिसेकंद लागतात.

आता मोजायचं काय ते. स्पीडसाठी पुढच्या चाकाला एक मॅग्नेट, फोर्कला हॉल सेन्सर, मॅग्नेट समोरून गेला की तो एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका देतो. १००/८०-१७ टायरचा घेर निघतो साधारण १.८६ मीटर, म्हणजे ६० च्या स्पीडला सेकंदाला नऊ पल्स. हे कोणीही मोजेल, पाय पण, आर्डुइनो पण. आरपीएम मात्र वेगळं प्रकरण. इंजिनच्या एका फेरीला एक पल्स धरली तर ९,००० आरपीएमला सेकंदाला दीडशे पल्स, दोन पल्समध्ये साडेसहा मिलिसेकंद. पायवर लिनक्स त्याच वेळी वायफाय शोधतंय, स्क्रीन रंगवतंय, लॉग लिहितंय, तुमच्या पायथन प्रोग्रामचा नंबर एक मिलिसेकंद उशिरा लागला की पल्समधला वेळ मोजणाऱ्याचा आकडा पंधरा टक्के इकडे तिकडे. सरासरी काढून चालवता येतं, पण काटा थरथरत राहतो. मायक्रोकंट्रोलरमध्ये इंटरप्ट, म्हणजे ‘आधी हे बघ’ असा इशारा, आला की हातातलं टाकून आधी पल्स मोजली जाते. शिवाय टेंपरेचर सेन्सर, फ्युएल गेजचा फ्लोट, बॅटरी व्होल्टेज हे सगळं ॲनालॉग, म्हणजे नुसतं चालू-बंद नाही तर कमी-जास्त होणारं, आणि पायला ॲनालॉग पिनच नाही, वेगळा चिप लावावा लागतो. युनोला सहा आहेत.

इथे एक धोक्याची सूचना, पाय, पिको, ईएसपी३२ या तिघांच्या पिना ३.३ व्होल्टच्या. जुना युनो ५ व्होल्टचा. युनोवर चाललेलं सर्किट जसंच्या तसं पायला जोडलं तर पिन उडते. आणि बाईकची लाईन कोणालाच डायरेक्ट द्यायची नाही, ती नावाला १२ व्होल्ट, गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा, रेग्युलेटर-रेक्टिफायर बिघडला तर त्याच्या वर कितीही, आणि बारीक बारीक स्पाइक येतात त्या निराळ्याच. फ्यूज, टीव्हीएस डायोड (स्पाइक गिळणारा), मग बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा), या क्रमाने. एवढं केलंच पाहिजे, बोर्ड कुठलाही असो.

एकदा ताम्हिणीत काय झालं, गाडी न्यूट्रलला, मस्त पाऊस, आणि माझं मीटर दाखवतंय १८,००० आरपीएम. रेसिंगवाल्यांनी पण मान खाली घालावी. कारण असं की सेन्सरची वायर मी प्लगला ठिणगीची वीज नेणाऱ्या एचटी केबलला टेकवून नेली होती, प्रत्येक ठिणगीला एकाच्या जागी चार चार पल्स शिरत होत्या. घरी येऊन ऑप्टोकपलर लावला, वायर फ्रेमच्या दुसऱ्या बाजूने नेली आणि प्रोग्राममध्ये लिहिलं की चार मिलिसेकंदांच्या आत आलेली दुसरी पल्स धरायचीच नाही. गप्प झालं.

मग पाय कशाला घ्यायचा? कॅमेरा, मॅप, गाणी, फोनसारखी मोठी स्क्रीन, राईडचा व्हिडिओ हवा असेल तर. हे ईएसपी३२ ला झेपत नाही, कॅमेरावाला ईएसपी३२ मिळतो पण त्याचा व्हिडिओ म्हणजे समजा नव्वदच्या दशकातलं लग्नाचं शूटिंग. फक्त पाय तापतो, ८० अंशांच्या पुढे स्वतःच स्पीड कमी करतो, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या सीटखाली, बंद डब्यात, ते ८० गाठणं काही लांब नाही. कॅमेऱ्याला खरं तर छोटा पाय, झिरो २ डब्ल्यू पुरतो, खातो पण कमी.

दोन्ही हवं असेल तर दोन्ही लावा, माझ्याकडे सध्या तसंच आहे. ईएसपी३२ स्पीड, आरपीएम, व्होल्टेज मोजून हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर दाखवतो आणि दोन वायरींनी सिरियलवर झिरोला सांगत राहतो. झिरो कॅमेरा सांभाळतो, त्याचं कार्ड गेलं तरी मीटर चालूच. हीच उलट रचना, म्हणजे स्पीड पण पायवर, कधी करू नका.

अजून एक घोळ जाता जाता. यातलं काहीही म्हणजे ईसीयू, इंजिन सांभाळणारा गाडीचा स्वतःचा कॉम्प्युटर, नव्हे. एप्रिल २०२० मध्ये बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं आणि त्याचा ईसीयू कंपनीचा, त्याच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, टोचून वायर काढायची नाही, वॉरंटी जाते आणि वाईट म्हणजे घाटात गाडी बंद पडते. त्याचं फक्त ऐकायचं. ईएसपी३२ मध्ये कॅनचा, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर आपसात बोलतात त्या लाईनचा, कंट्रोलर आधीपासून आहे, बाहेरून त्या लाईनला जोडणारा एक ट्रान्सीव्हर चिप लावला की तो कॅन असलेल्या गाडीच्या डायग्नोस्टिक प्लगवरून वाचू शकतो. आणि मूळ स्पीडोमीटर काढू नका. मोटर व्हेइकल ॲक्टच्या कलम ५२ चा मुद्दा आरसीवरच्या नोंदींशी न जुळणाऱ्या बदलांचा आहे, वेगळं मीटर लावल्याने ते होत नाही, पण मूळचं मीटर गायब बघून हवालदाराशी चौकात कायद्यावर चर्चा कोणाला हवी आहे.

फिटिंगचं म्हणाल तर ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर घरात. वेताळ टेकडीवर एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत पार्ट शेकर टेबलवर हलवून बघतात, आपल्याकडे कात्रज-कोंढवा रस्ता आहे. सगळं सोल्डर, क्रिंप केलेले लॉकवाले कनेक्टर नाना पेठेत मिळतात, आणि डब्याला वायर खालून आत न्या, वरून नेली की पाणी तिच्याच अंगावरून डब्यात उतरतं.

त्या पोराला मी विचारलं, कॅमेरा नक्की हवाय का? थोडा विचार करून म्हणाला, नाही, खरं तर गिअर कितवा आहे आणि बॅटरी किती आहे एवढंच बघायचंय. मग तोच पिको घे म्हटलं. घेतला, वर एक छोटी ओएलईडी स्क्रीन घेतली (दुपारच्या उन्हात काही दिसणार नाहीये त्यात, ते त्याला कळेलच) आणि निघाला. काका मागून ओरडले, अरे फ्यूज राहिला!