ऱ्होडियम आधारावर टिकवण्याची धडपड

अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन), कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून अल्डिहाइड (टोकाला CHO गट असलेले संयुग) बनवण्याची हायड्रोफॉर्मिलेशन ही अभिक्रिया १९३८ मध्ये जर्मनीत, ओबरहाउझेनच्या रूरकेमी कंपनीत ऑटो रोलेन यांना सापडली. ते फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेवर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून हायड्रोकार्बन बनवण्यावर, काम करत होते आणि हाताशी होता घनरूप कोबाल्ट उत्प्रेरक. पण खरे काम तो घन पदार्थ करतच नव्हता, हे नंतर उलगडले. कार्बन मोनॉक्साइड त्यातला कोबाल्ट खेचून विरघळणारे कार्बोनिल संयुग बनवत होता आणि अभिक्रिया घडत होती ती त्या संयुगामुळे. पुढे कोबाल्टच्या जागी आलेल्या ऱ्होडियम धातूने, तो आधारावर म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागावर बसवताना, जो छळ मांडला, त्याचे बीज इथेच आहे.

कोबाल्टला २०० ते ३०० बार दाब लागे. १९६० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जेफ्री विल्किन्सन यांनी ट्रायफिनाइलफॉस्फीन (धातूला बंधाने धरणारे फॉस्फरसचे संयुग, फॉस्फीनांपैकी एक) जोडलेले ऱ्होडियम वापरले. दाब, तापमान दोन्ही उतरले आणि सरळ साखळीच्या अल्डिहाइडचे प्रमाण वाढले. १९७० च्या दशकात प्रोपीनपासून ब्युटेनल हे अल्डिहाइड बनवणारे कारखाने या पद्धतीवर उभे राहिले.

प्रश्न उरला तो ऱ्होडियम परत मिळवण्याचा. हा धातू मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींतून बरोबरीने निघतो. २०२१ मध्ये त्याचा भाव औंसाला २५,००० डॉलरच्याही पुढे गेला होता. ब्युटेनल ७५ अंशांना उकळते, त्यामुळे ते ऊर्ध्वपातनाने काढून घेता येते. आठ कार्बनच्या ऑक्टीनपासून होणारे नोनॅनल मात्र १९० अंशांच्या आसपास उकळते आणि तेवढ्या उष्णतेत उत्प्रेरकाचे आयुष्य घटते. लांब साखळ्यांसाठी कोबाल्ट अजून टिकून आहे, त्यामागे हेही एक कारण.

मग धातू घन आधारावर बसवून द्रव गाळून घ्यावा, हा विचार ओघानेच आला. १९७० च्या दशकात फॉस्फीन जोडलेल्या पॉलिस्टायरीनवर आणि सिलिकावर प्रयोग झाले. सुरुवात छान होई, पण प्रत्येक फेरीत थोडे ऱ्होडियम द्रवात उतरे. ज्या कार्बन मोनॉक्साइडशिवाय अभिक्रिया होत नाही, तोच धातूला आधारावरून सोडवतो. म्हणून मिश्रण गरम असतानाच गाळावे आणि गाळलेल्या द्रवात अभिक्रिया चालू राहते का ते पाहावे. ही चाचणी नसलेला ‘पुनर्वापरक्षम’ उत्प्रेरकाचा दावा मी तरी जपूनच वाचतो.

उद्योगाला पहिले मोठे यश दिले ते पाण्याने. १९८४ मध्ये ओबरहाउझेनमध्येच, सल्फोनेट केलेल्या, म्हणजे पाण्यात विरघळेल अशा बनवलेल्या, फॉस्फीनमुळे ऱ्होडियम पाण्यात राहील आणि ब्युटेनल वर वेगळे होईल, अशी प्रक्रिया सुरू झाली. ऑक्टीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तिथे ही युक्ती अडली. १९८९ मध्ये मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी सच्छिद्र काचेवर पाण्याचा पातळ थर देऊन त्यात उत्प्रेरक ठेवला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ चौधरी यांच्या गटाने १९९५ मध्ये वेगळा मार्ग दाखवला: पाण्याशेजारच्या तेलकट थरात साधे ट्रायफिनाइलफॉस्फीन घातले की ऱ्होडियम दोन थरांच्या सीमेवर येते आणि वेग कैक पटींनी वाढतो. पुढे याच गटाने झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचे खनिज) आणि मध्यम छिद्रांच्या सिलिकामध्ये ऱ्होडियम संयुग कोंडून पाहिले.

अलीकडे ऱ्होडियमचे सुटे अणू झिंक ऑक्साइडवर बसवण्याचे आणि ट्रायफिनाइलफॉस्फीनपासूनच सच्छिद्र पॉलिमर विणण्याचे काम चीनमध्ये जोरात झाले. अशा पॉलिमरमध्ये धातूच्या सभोवती फॉस्फीनची दाटी असते, त्यामुळे एक बंध सुटला तरी शेजारचा पकडतो. या पॉलिमरची उमेद सर्वाधिक आहे ती इथिलीनसारख्या वायूंबाबत; तिथे धातू वाहून नेणारा द्रव फारसा नसतोच.