फोनवरच्या सल्ल्याला मान्यता मिळाली, त्याचे पैसे द्यायचे कोणी?

आपल्याकडे दूरवैद्यकाच्या, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, सुरुवातीच्या काळातला मोठा खर्च विम्याने नव्हे, अवकाश संशोधनाने उचलला. 2000 साली आंध्र प्रदेशातल्या आरगोंडा या खेड्यात अपोलो समूहाने दूरवैद्यक केंद्र सुरू केले आणि 2001 पासून इस्रोने प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. उपकरणे, सॉफ्टवेअर आणि उपग्रहाची जोडणी इस्रोची; जागा आणि माणसे राज्य सरकारांची व रुग्णालयांची, अशी वाटणी होती. 2005 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय कार्यदलही नेमले. हे सगळे चालले ते प्रकल्प म्हणून. एका सल्ल्याला किती पैसे आणि ते कोणाकडून, याची घडी या काळात बसली नाही.

त्याआधी आणखी एक अडचण होती: फोनवर सल्ला देणे नियमात बसते का? डॉक्टरांची 2002 ची आचारसंहिता याबद्दल स्पष्ट काही सांगत नव्हती. महाराष्ट्रात या प्रश्नाला धार आली ती 2018 मध्ये. रत्नागिरीत सिझेरियननंतर घरी गेलेली एक महिला पुन्हा रुग्णालयात दाखल झाली. डॉक्टर हजर नव्हते, औषधे फोनवरून सांगितली गेली आणि पुढे त्या महिलेचा मृत्यू झाला. जुलै 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. निदान न करता औषध देणे हा दोषास्पद निष्काळजीपणा ठरतो, असे मत नोंदवले. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा फोन हा नव्हताच. दाखल करून घेतलेल्या रुग्णाजवळ डॉक्टर नसणे, हा तो गाभा होता. पण वैद्यकीय वर्तुळात त्याचा अर्थ ‘फोनवर औषध सांगाल तर अडकाल’ असाच घेतला गेला.

ही भीती दूर करणारा नियम आला 25 मार्च 2020 रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या मेडिकल कौन्सिलच्या जागी काम पाहणाऱ्या संचालक मंडळाने नीती आयोगाच्या सहकार्याने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि मे महिन्यात राजपत्रातून 2002 च्या संहितेला परिशिष्ट म्हणून जोडली गेली. ती काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहेत. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत. आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा डॉक्टरने लावला तर ती स्पष्टपणे घ्यायची. काही औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात, काहींसाठी पहिली भेट व्हिडिओवरच हवी, काही फक्त त्याच आजाराच्या फेरतपासणीत. गुंगी आणणारी आणि अमली द्रव्यांच्या कायद्याखालची औषधे मात्र अजिबात नाहीत. एकाच आजारासाठी आधीच्या सल्ल्याला सहा महिने उलटले असतील तर तो पुन्हा पहिला सल्ला धरायचा.

पैशांबद्दल मात्र त्यात अगदी थोडके आहे. शुल्काच्या बाबतीत दूरसल्ला आणि समोरासमोरचा सल्ला एकसारखे मानावेत, डॉक्टरने योग्य शुल्क घ्यावे आणि पावती द्यावी. विमा भरेल का, सरकार भरेल का, याचा त्या कलमात विषयच नाही.

विम्याच्या बाजूने पहिले उत्तर आले ते 11 जून 2020 रोजी. विमा नियामक इर्डाने कंपन्यांना सांगितले, की पॉलिसीत जिथे डॉक्टरांच्या सल्ल्याचा खर्च मान्य आहे, तिथे या तत्त्वांनुसार घेतलेला दूरसल्लाही मान्य करा. या वाक्यातली अटच महत्त्वाची. सल्ल्याचा खर्च आधीपासून मिळत असेल तरच दूरसल्ल्याचा मिळणार. सरकारी योजनांचे घोडे नेमके इथेच अडले आहे.

23 सप्टेंबर 2018 रोजी रांचीत सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण देते, पण ते रुग्णालयात भरती होण्यासाठी. ओपीडी त्यात नाही. भरतीपूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस पॅकेजमध्येच, म्हणजे उपचाराच्या ठरावीक एकरकमी दरातच, मोजले जातात. त्या 15 दिवसांत डॉक्टरने फोनवर विचारपूस केली तरी वेगळा क्लेम होत नाही. सोळाव्या दिवसापासून पेशंट स्वतःच्या खिशावर.

महाराष्ट्राची स्वतःची योजनाही याच वळणाची. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि उपनगर अशा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 मध्ये राज्यभर गेली आणि 2017 मध्ये महात्मा जोतिबा फुले यांचे नाव तिला मिळाले. तिच्यात एक मोलाची गोष्ट पहिल्यापासून होती: 971 उपचारांच्या जोडीला फेरतपासणीची 121 पॅकेजेस. फेरतपासणीला वेगळे पैसे मोजायची पद्धत म्हणजे इथे नवी नाही. गडचिरोलीतल्या हृदयरुग्णाला दर वेळी नागपूर गाठावे लागू नये, असे खरोखर वाटत असेल तर दूरसल्ल्याचा दर बसवायची जागा हीच, असे मला ठामपणे वाटते.

त्याहून जुने एक उदाहरण राज्य कामगार विम्याचे. 1948 च्या कायद्याने आलेल्या या योजनेत महाराष्ट्रात पॅनेल डॉक्टरांची पद्धत रुजली. नोंदवलेल्या कामगारामागे डॉक्टरला वर्षाची ठरावीक रक्कम मिळते, मग तो कितीही वेळा दवाखान्यात येवो. अशा पद्धतीत सल्ला समोर बसून दिला की फोनवर, याने हिशेब बदलत नाही. बनावट क्लेमची धास्तीही कमी राहते.

प्रत्यक्षात केंद्राने तिसरीच वाट धरली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेली ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी आणि एप्रिल 2020 मध्ये थेट रुग्णांच्या घरासाठी सुरू झाली. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णासोबत बसतो, पलीकडे डॉक्टर असतो. पेशंटला सगळे मोफत. ऑगस्ट 2020 मध्ये दिल्ली परिसरातल्या केंद्रीय कर्मचारी आरोग्य योजनेनेही दूरसल्ला सुरू केला. फेब्रुवारी 2023 मध्ये ई-संजीवनीने 10 कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. हा सारा व्याप सरकारी सेवेच्या खर्चातून चालतो, विम्याच्या क्लेममधून नाही. त्यामुळे विमा योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) खासगी रुग्णालयात बायपास झालेल्या माणसाला त्याच्याच सर्जनचा दूरसल्ला योजनेतून मिळण्याचा रस्ता या यंत्रणेतून निघत नाही.

2 ऑगस्ट 2023 रोजी मेडिकल कौन्सिलची जागा घेतलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी आचारसंहिता जाहीर केली, तिच्यातही दूरवैद्यकाची तत्त्वे होती. डॉक्टरांच्या संघटनांनी जेनेरिक औषधांच्या सक्तीसह अनेक कलमांना विरोध केला आणि त्याच महिन्यात ती स्थगित झाली. 2002 ची संहिता पुन्हा लागू झाली आणि तिच्यासोबत 2020 चे परिशिष्टही, शुल्काच्या त्या थोडक्या कलमासकट.