कोरियन भाषेतील विशेषणवाक्ये

नामाबद्दल माहिती देणारे गौणवाक्य कोरियन भाषेत त्या नामाच्या आधीच येते. ‘जो’, ‘ज्याने’, ‘ज्यात’ अशा संबंधी सर्वनामांचा वर्गच या भाषेत नाही. मराठीत ‘मी जे पुस्तक वाचले ते’ आणि ‘मी वाचलेले पुस्तक’ असे दोन्ही मार्ग खुले आहेत. कोरियनमध्ये फक्त दुसरा. कोरियन शालेय व्याकरण अशा वाक्याला ‘क्वान्ह्यॉंगजॉल’ म्हणते. (येथे कोरियन उच्चार देवनागरीत अंदाजाने दिले आहेत. प्रत्ययांतला ‘उ’ ओठांचा चंबू न करता उच्चारायचा असतो.)

वाक्याचा क्रम मराठीसारखाच, म्हणजे कर्ता, कर्म, क्रियापद असा आहे. गौणवाक्याचे क्रियापद नामाला टेकते आणि त्याला लागलेला प्रत्यय काळ सांगतो. ‘इंगनुन छेक’ म्हणजे वाचत असलेले पुस्तक, ‘इल्गुन छेक’ वाचलेले, ‘इल्गुल छेक’ वाचायचे. चौथा प्रत्यय ‘-दॉन’ सर्वांत रंजक आहे: ‘इक्तॉन छेक’ म्हणजे पूर्वी वाचत होतो ते, बहुधा अर्धवट राहिलेले पुस्तक. मराठीतला ‘-लेला’ नामाच्या लिंगवचनानुसार बदलतो, हे प्रत्यय मात्र बदलत नाहीत. कोरियन नामांना तर व्याकरणिक लिंगच नाही.

कोरियन विशेषणे क्रियापदांसारखी चालवली जातात, त्यामुळे ‘चागुन चिप’ (छोटे घर) हीसुद्धा रचनेच्या दृष्टीने ‘छोटे असलेले घर’च आहे. गोंधळ होतो तो येथे: ‘-न’ किंवा ‘-उन’ क्रियापदाला लागला की भूतकाळ, विशेषणाला लागला की वर्तमान. ‘असणे’ आणि ‘नसणे’ या अर्थाची ‘इत्ता’ व ‘ऑप्ता’ ही क्रियापदे मात्र वर्तमानात ‘-नुन’ घेतात. म्हणून चवदार पदार्थ ‘माशिन्नुन उमशिक’ होतो, कारण त्या शब्दात ‘इत्ता’ दडलेले आहे. शिवाय ठळक विषय दाखवणारा ‘-नुन’ हा निराळा प्रत्यय हुबेहूब असाच ऐकू येतो. तो विशेषणवाक्यात सहसा बसत नाही, कर्त्याला तेथे ‘-इ’ किंवा ‘-गा’ लागतो. त्यामुळे ‘मी वाचलेले पुस्तक’ म्हणताना ‘नानुन’ नव्हे, ‘नेगा इल्गुन छेक’.

प्रत्यय काळ सांगतो, पण नामाचे गौणवाक्यातले काम सांगत नाही. ‘छेगुल इंगनुन हाक्सेंग’ म्हणजे पुस्तक वाचणारा विद्यार्थी आणि ‘हाक्सेंगी इंगनुन छेक’ म्हणजे विद्यार्थी वाचतो ते पुस्तक. क्रियापदाचे रूप दोन्हीकडे तेच. कोणते पद गाळले आहे ते उरलेल्या पदांच्या प्रत्ययांवरून कळते. ‘नेगा कोंगबूहान तोसॉग्वान’ (मी जेथे अभ्यास केला ते वाचनालय) यात ‘-मध्ये’ अर्थाचा ‘-एसॉ’ सरळ गळून पडतो. सोबतीचा अर्थ असेल तर क्रियाविशेषणाची मदत घेतली जाते: ‘नेगा गाछी गान छिंगू’, मी ज्याच्याबरोबर गेलो तो मित्र.

काही वेळा गाळलेले असे काही सापडतच नाही. ‘सेंगसॉन गुम्नुन नेमसे’ म्हणजे मासे भाजल्याचा वास. वास हा भाजण्याचा कर्ताही नाही आणि कर्मही नाही, नाते केवळ अर्थाने जुळते. ‘तो परत आल्याची अफवा’ यासारख्या नामांसाठी मात्र वेगळी सोय आहे: पूर्ण विधानाला ‘-तानुन’ जोडतात, ‘कुगा तोरावात्तानुन सोमुन’. त्यात ‘असे म्हणतात ती’ ही छटा संक्षेपाने आलेली आहे. एका विशेषणवाक्याच्या पोटातल्या दुसऱ्या विशेषणवाक्यातून नाम बाहेर काढणे अनेक भाषांना जमत नाही, पण ‘इप्को इन्नुन यांगबोगी तॉरॉउन शिन्सा’ (अंगात घातलेला सूट मळलेला आहे असा गृहस्थ) हे कोरियनमध्ये खपून जाते.

एडवर्ड कीनन व बर्नार्ड कॉम्री या भाषावैज्ञानिकांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सुलभतेच्या श्रेणीत कर्त्यावर विशेषणवाक्य बांधणे सर्वांत सुलभ, त्यानंतर कर्मावर. कोरियन या नियमाची चांगली परीक्षा घेते. नाम शेवटी येत असल्याने कर्त्याची रिकामी जागा त्याच्यापासून लांब पडते आणि कर्माची जवळ, म्हणजे केवळ अंतराचा हिशेब केला तर कर्माचे वाक्य सोपे जायला हवे. वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या, ‘लँग्वेज’ या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलट दिसले: कर्त्याची वाक्येच सोपी गेली.

वादाचा विषय आहे ‘गॉत’ (गोष्ट, वस्तू) या शब्दाने संपणारी रचना. ‘क्यॉंगछारी तोदुगी तोमांगगानुन गॉसुल चाबात्ता’ म्हणजे चोर पळून जात असताना पोलिसांनी त्याला पकडले. पकडला गेला तो चोर, पण ‘तोदुक’ (चोर) हे नाम गौणवाक्याच्या आतच बसलेले आहे आणि कर्माचा प्रत्यय ‘गॉत’ला लागला आहे. काही भाषाभ्यासक याला पोटात नाम असलेले विशेषणवाक्य मानतात. इतरांच्या मते ते ‘पळत असताना’ अशा अर्थाचे क्रियाविशेषणवाक्य आहे. प्रत्येक क्रियापदाबरोबर ही रचना चालतेच असे नाही. पकडणे, थांबवणे अशा, चालू घटनेत हात घालणाऱ्या क्रियापदांशी ती सहज जुळते.