हार्ड डिस्क कुरकुरते तेव्हा

कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' अशी ओळ उमटली, तर अर्थ लावत बसू नका. आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. ही ओळ डिस्क सहजासहजी देत नाही. उलट फार उशिरा देते, खरी अडचण तीच आहे.

'स्मार्ट' म्हणजे डिस्कने स्वतःच्या दुखण्यांची स्वतःच ठेवलेली नोंद. १९९०च्या दशकात आयबीएम आणि कॉम्पॅक यांनी आपापल्या पद्धती काढल्या, त्यातून पुढे हे सामाईक मानक झालं. त्यात बहुतेक बाबींचे दोन आकडे असतात. एक गुणांसारखा, सहसा १०० किंवा २०० पासून खाली उतरणारा. तो कंपनीने ठरवलेल्या मर्यादेला टेकला की इशारा येतो. दुसरा कच्चा आकडा, म्हणजे प्रत्यक्ष मोजदाद. मर्यादा ठरवणारी कंपनी आणि वॉरंटीत डिस्क बदलून देणारी कंपनी एकच, त्यामुळे ही मर्यादा सढळ असते याचं मला नवल वाटत नाही. पाहायचा तो कच्चा आकडा.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा ही नोंद दाखवणारा, फुकट मिळणारा प्रोग्राम उघडला की पिवळ्या चौकटीत 'कॉशन' दिसतं आणि माणूस गडबडतो. खाली सी५ ही ओळ शोधा. साध्या मोजणीत हा क्रमांक १९७, नाव 'करंट पेंडिंग सेक्टर'. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा. डिस्कला तिथला मजकूर वाचता आलेला नाही, पण जागा बाद करायची की नाही हेही ठरलेलं नाही. पुन्हा तिथे काही लिहिलं जाईल तेव्हा निकाल लागतो. लिहिणं जमलं तर नोंद पुसली जाते. नाही जमलं तर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या बदली येतो आणि ५ क्रमांकाचा, 'रिअलोकेटेड'चा, आकडा वाढतो. लिहिता लिहिता वीज गेली तरी एखादा सेक्टर असा लटकतो, म्हणून एकट्या नोंदीवरून डिस्क मोडीत काढू नये. अनेक नव्या डिस्कवर हा आकडा आठच्या पटीत दिसतो, कारण ४०९६ बाइटच्या एका सेक्टरमध्ये जुन्या मापाचे ५१२ बाइटचे आठ बसतात. आणखी एक मेख: हा प्रोग्राम कच्चे आकडे बहुधा सोळाच्या पायावर दाखवतो. तिथे १० दिसलं तर ते सोळा समजायचं.

सी७, म्हणजे १९९, वाढत असेल तर बिचाऱ्या डिस्कला दोष देऊ नका. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडतोय; बहुतेक वेळा साटा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलल्यावरही जुना आकडा कमी होत नाही. तो वाढायचा थांबला की झालं. सीगेटच्या डिस्कवर पहिल्याच ओळीत, 'रॉ रीड एरर रेट'मध्ये, कोट्यवधींचा आकडा दिसतो. त्यात एकूण वाचनांची संख्याही मिसळलेली असते, घाबरू नये.

सगळं निळं, 'गुड' असेल तर? गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता बाकीच्यांच्या ३९ पट निघाली. पण बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टमधल्या चार मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं.

दुकानात नेलं की 'फॉरमॅट मारून देतो' हे ठरलेलं उत्तर. 'चेकडिस्क /आर' ही विंडोजची डिस्क तपासायची आज्ञाही तितक्याच सहज चालवली जाते. ती पृष्ठभागाचा कोपरा न् कोपरा वाचत सुटते, म्हणजे मरणासन्न डिस्कला आणखी दमवते, म्हणून डेटा उतरवल्याशिवाय नको. क्विक फॉरमॅटने लटकलेल्या सेक्टरचं काहीच होत नाही. पूर्ण फॉरमॅटमध्ये मात्र विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं, त्यामुळे प्रत्येक लटकलेल्या सेक्टरचा निकाल लागतो. त्यानंतर १९७ शून्यावर आला आणि ५ जागचा हलला नाही, तर डिस्क वापरात ठेवायला हरकत नाही. ५ वाढला आणि आठवड्याभराने आणखी वाढला, तर नवी घ्या.