भंगारातून आलेली रेसिपी: १९४० च्या दशकातल्या हॉट रॉड रोडस्टरची पार्श्वभूमी

ट्रॅडिशनल हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी हलकी करून आणि इंजिनाची ताकद वाढवून पळवण्यासाठी केलेली गाडी, बांधायचा म्हटलं की आज एक ठरलेली यादीच समोर येते. १९२८ ते १९३२ मधली फोर्ड रोडस्टर बॉडी, फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन (आठ सिलिंडरचं, वॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं), त्यावर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर, १९३९ चा गिअरबॉक्स, १९४० चे ब्रेक, पुढे बारीक टायर आणि मागे जाड. यातलं एक जरी बदललं तरी जाणकार नाक मुरडतात. गंमत अशी की दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ज्या पोरांनी या गाड्या पहिल्यांदा बांधल्या त्यांच्याकडे कसलीही यादी नव्हती, भंगारात जे स्वस्तात मिळालं ते लावलं आणि पळवलं, बस. त्यामुळे यातला जवळजवळ प्रत्येक पार्ट तिथे का आला याला एकतर पैशाचं कारण आहे नाहीतर फोर्ड कंपनीच्या कुठल्यातरी निर्णयाचं.

रोडस्टरच का? कारण ती सगळ्यात साधी आणि हलकी गाडी. दोन सीट, कापडी टप, दारांना वरखाली होणाऱ्या काचासुद्धा नाहीत. १९३२ मध्ये फोर्डने व्ही-८ आणली तेव्हा त्यातली सर्वात स्वस्त गाडी रोडस्टरच होती, ४६० डॉलर. मंदीतच विकली गेलेली ही मॉडेल्स दहा-पंधरा वर्षांनी कॉलेजातल्या किंवा कारखान्यातल्या पोराच्या खिशाला परवडायला लागली. आणि इंजिन तर काय, त्याआधी व्ही-८ म्हणजे श्रीमंतांच्या गाडीतली चीज, फोर्डने आठही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतून ते सामान्य माणसाच्या गाडीत बसवलं. २२१ क्युबिक इंच म्हणजे साधारण ३.६ लिटर, ताकद ६५ हॉर्सपॉवर. आज हा आकडा किरकोळ वाटतो पण त्या हलक्या गाडीत तो भरपूर होता.

आता जागा. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावे वाळवंटात सुकलेली सरोवरं आहेत, मैलोन्‌मैल सपाट कडक जमीन. म्युरॉक, हार्पर, रोझामंड, एल मिराज. तिथे १९२० च्या दशकापासूनच लोक गाड्या पळवत होते, पण सगळा गोंधळ, एकाच वेळी बऱ्याच गाड्या सुटायच्या आणि मागच्याला धुळीत काही दिसायचं नाही, अपघात ठरलेले. म्हणून १९३७ मध्ये क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन म्हणजे एससीटीए काढली आणि १९३८ पासून स्वतःचे मेळावे घ्यायला सुरुवात केली. म्युरॉक पुढे लष्कराने ताब्यात घेतलं, तोच आजचा एडवर्ड्स एअर फोर्स बेस, जिथे १९४७ मध्ये वैमानिक चक येगरने आवाजाचा वेग ओलांडला. रेसर मग बाकीच्या सरोवरांकडे सरकले. एससीटीएमध्ये तेव्हा बंद टपाच्या कूपेंना जागाच नव्हती, मुख्य मान रोडस्टरचा. म्हणजे आधी स्वस्त म्हणून घेतलेली गाडी नियमानेही पक्की झाली.

या काळाचा नमुना बघायचा तर लॉस एंजेलिसचा मेकॅनिक व्हिक एडेलब्रॉक. त्याची १९३२ ची रोडस्टर रोजच्या वापरातली होती. सरोवरापर्यंत ती चालवत न्यायची, तिथे मडगार्ड आणि पुढची काच काढायची, रेस करायची, परत सगळं बसवून घरी. १६ नोव्हेंबर १९४१ ला रोझामंडवर त्याने ताशी १२१.४२ मैल नोंदवले, म्हणजे १९५ किलोमीटरच्या आसपास. तीन आठवड्यांनी पर्ल हार्बर झालं आणि सगळं बंद. फेब्रुवारी १९४२ पासून अमेरिकेत नवीन खाजगी गाड्या बनणंही थांबलं, पेट्रोलला रेशन लागलं.

माझ्या मते खरा हॉट रॉड या युद्धामुळे घडला. दक्षिण कॅलिफोर्नियात लॉकहीड, डग्लस, नॉर्थ अमेरिकन अशा विमान कंपन्यांचे प्रचंड कारखाने होते आणि तिथे हजारो लोक लेथ, वेल्डिंग, अॅल्युमिनियमचं काम शिकले. लष्करात गेलेलेही मेकॅनिक होऊन परतले, हातात थोडे पैसे. वर लष्करी सरप्लस स्वस्तात विकायला निघालेलं. विमानाच्या सीट गाडीत आल्या आणि बिल बर्कने तर १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखालच्या पेट्रोलच्या टाकीचीच रेसिंग गाडी केली. एडेलब्रॉक, एड इस्केंडेरियन, बार्नी नवारो, फिल वायंड ही आज ब्रँड म्हणून माहीत असलेली नावं म्हणजे त्या वेळची छोट्या वर्कशॉपवाली माणसं, कोणी मॅनिफोल्ड (कार्बोरेटर ज्यावर बसतात तो भाग) ओतायचा, कोणी कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) घासायचा. स्टुअर्ट हिलबॉर्नने १९४८ मध्ये सरोवरावर पहिल्यांदा ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला, पुढे त्याच्या फ्युएल इंजेक्शनने अख्खं अमेरिकन रेसिंग बदललं.

आता त्या यादीकडे येऊ. १९२८ पासून १९४८ पर्यंत फोर्डने बॉडी बदलली, इंजिन बदललं, पण खालची मांडणी तीच ठेवली, पुढे सलग आय-बीम अॅक्सल आणि त्यावर स्प्रिंगचा आडवा एकच पाटा, मागेही आडवा पाटा. त्यामुळे वीस वर्षांतले पार्ट थोड्या खटपटीने एकमेकांना बसायचे, मेकॅनोच्या सेटसारखे. हेन्री फोर्डने हट्टाने रॉडचे मेकॅनिकल ब्रेक चालू ठेवले होते, हायड्रॉलिक आले ते थेट १९३९ ला. म्हणून जुन्या गाडीत १९३९ नंतरचे ब्रेक. गिअरची दांडी फ्लोअरवर असलेला शेवटचा बॉक्स १९३९ चा, १९४० पासून ती स्टिअरिंगखाली गेली, म्हणून १९३९ चा बॉक्स आणि त्यात फोर्डच्याच महागड्या लिंकन झेफिरचे गिअर, कारण त्यांचे रेशो एकमेकांच्या जवळ होते. स्ट्रॉमबर्ग ९७ हा १९३६ ते ३८ च्या फोर्डवर कंपनीतूनच यायचा, सहज मिळायचा. नंतर मर्क्युरीचं (फोर्डचाच दुसरा ब्रँड) २३९ क्युबिक इंचाचं इंजिन भंगारात यायला लागलं तसं तेही या गाड्यांत उतरलं. १९३२ ची चासी आवडायची कारण तिच्या बाजू बाहेर दिसतील अशाच बनवलेल्या होत्या, मडगार्ड काढले तरी गाडी उघडीबोडकी वाटत नाही, त्यामुळे मॉडेल ए ची (१९२८ ते ३१ ची फोर्ड) बॉडीसुद्धा लोक तिच्यावर चढवायचे. (आपल्याकडे गाडीत मूळ बदल करायला बंदी घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलं तर हे स्वप्नातही आणू नये.)

फ्लॅटहेडचा एक रोग मात्र कोणी पूर्ण बरा करू शकलं नाही, ते तापतं. वॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने जळालेला गॅस ब्लॉकच्या आतूनच, पाण्याच्या जागेजवळून बाहेर जातो, शिवाय प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच एक्झॉस्ट पोर्ट. ताकद वाढवली की उष्णताही वाढते.

१९४८ उजाडेपर्यंत वर्तमानपत्रांनी हॉट रॉडवाल्यांना गुंड ठरवून टाकलं होतं, रस्त्यावरच्या रेसमुळे थोडी कमाई त्यांची स्वतःचीही होती. ती प्रतिमा सुधारायला एससीटीएने जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरीत (नॅशनल गार्डच्या इमारतीत) प्रदर्शन भरवलं आणि तिथेच रॉबर्ट पीटरसनने ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक पंचवीस सेंटला विकला. कॅलिफोर्नियातली घरगुती पद्धत देशभर पोचली ती अशा छापील पानांवरून. पुढच्या वर्षी युटातल्या बोनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर पहिला स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या विक्रमांचा मेळावा झाला.

आणि नेमकं तेव्हाच दार बंद व्हायला लागलं. फोर्डचं १९४९ चं मॉडेल पूर्ण नवीन होतं, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, जुनी मांडणी गेली, म्हणजे तो मेकॅनो सेट तिथेच संपला. त्याच वर्षी कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलची ओव्हरहेड वॉल्व्ह (वॉल्व्ह ब्लॉकऐवजी वर हेडमध्ये) व्ही-८ आली, १९५५ ला शेव्हरोलेची छोटी व्ही-८, आणि फ्लॅटहेडला रेसमध्ये कोणी विचारेना. अमेरिकेत तर ते १९५३ नंतर बनलंच नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं फायबरग्लास बॉडी, शेव्ही इंजिन, एसी, गुळगुळीत पेस्टल रंग असा मामला होता, त्यातलं बरंचसं मला तरी बघवत नाही.

जुन्याकडे परत वळणं १९९० च्या दशकात जोरात सुरू झालं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या अतिश्रीमंत कॉन्कूरमध्ये (दुर्मीळ जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत) पहिल्यांदा हॉट रॉडचा वर्ग ठेवला आणि तो डोन स्पेन्सरने चाळीसच्या दशकात बांधलेल्या १९३२ रोडस्टरने जिंकला. त्यानंतर किमती कुठल्या कुठे गेल्या. मूळ बॉडी मिळेनात म्हणून ओहायोतली ब्रुकव्हिल कंपनी नवीन पत्र्याच्या बनवते, स्ट्रॉमबर्ग ९७ इंग्लंडमध्ये नव्याने तयार होतो, आणि फ्रान्सच्या लष्करी ट्रकांसाठी तिथे फ्लॅटहेड बराच काळ बनत राहिल्यामुळे ते न वापरलेले ब्लॉक अमेरिकेत हातोहात खपले. तेव्हा १९४८ च्या धाटणीची गाडी आज जवळजवळ पूर्ण नव्या पार्टांतून बांधता येते, टायरसुद्धा जुन्या पद्धतीच्या बायस-प्लायचे नवे मिळतात, आणि कोणी रेडियल लावले तर भांडण नक्की.