गावतळ्याची भिंत ढासळली आहे? दुरुस्तीचा निधी कुठून मिळतो, कागद कोणते लागतात

तळ्याकाठची दगडी भिंत ढासळली की गावातून पहिला अर्ज बहुधा आमदारांकडे जातो आणि त्यावर विषय असतो 'तलावाचे सुशोभीकरण'. अशा अर्जाचं पुढे फारसं काही होत नाही. तळं कुणाच्या ताब्यात आहे आणि नेमकं काय पडलंय, हे त्यात नसतं. आणि कुठल्या खात्याकडे, कुठल्या योजनेतून पैसे मागायचे हे याच दोन गोष्टींवर ठरतं.

आधी ताबा कुणाचा ते पाहा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, खासगी मालकी सिद्ध होत नसेल तर तळी-तलाव शासनाचे. त्यामुळे सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' दिसलं तर दचकू नका. प्रश्न असतो देखभाल कुणाकडे आहे याचा. ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत तळं असेल तर काम सोपं. सिंचनासाठी बांधलेला तलाव असेल, तर १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात आणि त्यावरचे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे. तलाव दुसऱ्या खात्याचा असेल, तर त्यांच्या ना-हरकत पत्राशिवाय ग्रामपंचायतीने एक दगडही हलवू नये.

एक अपवाद लक्षात ठेवा. तळ्याजवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित असतो. तिथे दुरुस्तीलाही वेगळी परवानगी लागते.

ग्रामसभेचा ठराव

या ठरावाशिवाय फाइल उभीच राहत नाही. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ठरावात 'तळ्याची दुरुस्ती करावी' एवढंच लिहू नका. गट क्रमांक, भिंतीची कुठली बाजू, अंदाजे किती मीटर लांबी, रस्त्याला, घरांना किंवा पाणवठ्याला असलेला धोका, सगळं येऊ द्या. 'काम पूर्ण झाल्यावर देखभाल ग्रामपंचायत करील' हे वाक्यही त्याच ठरावात घ्या. नाहीतर त्यासाठी पुढे पुन्हा सभा घ्यावी लागते. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. काम आराखड्यात नसेल, तर वित्त आयोगाच्या पैशातून ते करता येत नाही.

पैसे कुठून

लहान कामासाठी वित्त आयोगाचा अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, जवळचा. तेवढ्यात काम भागत नसेल, तर ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष (सरकारी खर्चाच्या खात्याचा क्रमांक) २५१५, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे. आमदारांच्या पत्राचा खरा उपयोग इथे आहे. जिल्हा वार्षिक योजनेसाठी प्रस्ताव संबंधित विभागामार्फत जिल्हा नियोजन समितीकडे जातो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात.

रोजगार हमीतून भिंत होईल अशी आशा अनेक गावं धरतात. तिथे मजुरीला ६० आणि साहित्याला ४० असं प्रमाण सांभाळावं लागतं, आणि दगड-सिमेंटच्या भिंतीत साहित्याचाच खर्च मोठा. खोदाई, गाळ, मातीभराव एवढंच तिथे बसवता येतं. केंद्राच्या दुरुस्ती-नूतनीकरण-पुनर्स्थापना योजनेत ग्रामीण भागातला जलाशय किमान ५ हेक्टरचा हवा, म्हणजे बहुतेक गावतळी तिथेच बाद होतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही गाळाची योजना आहे. भिंतीसाठी तिच्यामागे लागू नका.

अंदाजपत्रक

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं. अंदाजपत्रक शासकीय अभियंत्याने दरसूचीप्रमाणे, म्हणजे शासनाने ठरवलेल्या दरांच्या यादीप्रमाणे, केलेलं असावं लागतं. ठेकेदाराचं कोटेशन जोडून भागत नाही. पण अभियंता पाहणीला आला की गावातल्या जाणत्या माणसाने सोबत फिरावं. भिंत अनेकदा भर पावसात पडत नाही, तळ्याचं पाणी उतरल्यावर पडते. समोरचा पाण्याचा आधार जातो, मागची माती मात्र अजून भिजलेली असते आणि ती भिंतीला पुढे ढकलते. भिंतीतली पाणी निचऱ्याची भोकं बुजलेली असली की हा दाब वाढतो. जोडीला पायाखालची माती वाहून गेलेली, सांध्यांत पिंपळाची मुळं. म्हणून निचऱ्याची भोकं, त्यामागे खडी-वाळूचा थर आणि पायाचं मजबुतीकरण या बाबी अंदाजपत्रकात आहेत का ते पाहा. नुसतं वरून प्लास्टर आणि रंगीत कठडा धरला असेल, तर पैसे पाण्यात.

प्रस्तावाला काय जोडायचं

ठरावाची नक्कल, सातबारा, गाव नकाशा, मालमत्ता नोंदवहीचा उतारा, अंदाजपत्रक आणि नकाशे, अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो, जागा निर्विवाद असल्याचा दाखला, हे काम दुसऱ्या योजनेतून घेतलेलं नसल्याचं प्रमाणपत्र, देखभालीचं हमीपत्र. काठावर अतिक्रमण असेल तर आधी भूमि अभिलेखकडून मोजणी करून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) हे गोळा करून पंचायत समितीत द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. निवडणूक जवळ असेल तर घाई करा, कारण आचारसंहिता लागल्यावर न सुरू झालेलं काम थांबतं. पाणी सर्वांत खाली एप्रिल-मेमध्ये असतं, म्हणून आदेश मार्चपर्यंत हातात हवा. उशीर झाला तर पावसाळ्याच्या तोंडावर उरकलेला पाया घेण्यापेक्षा मुदतवाढ मागितलेली बरी.

काम चालू असताना पायाची खोली आणि रुंदी भराव पडण्याआधी मोजमाप पुस्तिकेत चढली का, हे त्याच दिवशी पाहून फोटो काढून ठेवा. दोष दुरुस्तीची ठेकेदाराची मुदत किती, हे निविदेत लिहिलेलं असतं. त्या पानाची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवा.