मापाच्या माइकची फाइल वेगळी, 94 डेसिबलची शिट्टी वेगळी

सांगली-मिरजेकडे घरातली एखादी खोली रियाजाला किंवा रेकॉर्डिंगला काढून ठेवणारे पुष्कळ. तंबोरा मिरजेचा, पण खोली विश्रामबागेतल्या फ्लॅटमधली: खाली गुळगुळीत फरशी, भिंती मोकळ्या, टाळी वाजवली की घुमणारी. मग कुणीतरी सुचवतं की रूम ईक्यू विझार्ड, म्हणजे आरईडब्ल्यू, हे फुकटचं सॉफ्टवेअर टाक, मापाचा माइक घे आणि खोली मोजूनच बघ. सल्ला चांगला आहे. गोंधळ पुढे होतो. माइक कॅलिब्रेट केला का, म्हणजे त्याचं माप खऱ्याशी जुळवून घेतलं का, असं विचारलं की एक म्हणतो, "केला की, फाइल लोड केली." दुसरा म्हणतो, "फाइलनं काय होतंय, त्याला 94 डेसिबलचा कॅलिब्रेटर लागतो." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या कामाबद्दल बोलत असतात. माझं म्हणणं असं की घरची खोली दुरुस्त करायला निघालेल्या बहुतेकांना दुसऱ्या कामाची गरजच नसते.

आधी फाइल. मिनीडीएसपीचा यूमिक-1 किंवा डेटन ऑडिओचा ईएमएम-6 घेतला की सिरीयल नंबर टाकून त्याच नगाची एक साधी टेक्स्ट फाइल मिळते. आत दोन रकाने असतात: एकात फ्रिक्वेन्सी, दुसऱ्यात डेसिबल. हा माइक 10,000 हर्ट्झला दीड डेसिबल जास्त दाखवतो, 20 हर्ट्झला एक डेसिबल कमी, अशा थाटाची नोंद. सॉफ्टवेअर मोजलेल्या आलेखातून हे आकडे वजा करतं आणि माइकचा स्वतःचा कल निघून जातो. बेरिंगरच्या ईसीएम8000 बरोबर अशी फाइल येत नाही. नेटवर फिरणारी फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी नगाची असते, तेव्हा ती लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

कॅलिब्रेटर म्हणजे हातात मावणारा डबा. त्याच्या भोकात माइकचं तोंड घट्ट बसवायचं आणि बटण दाबायचं. आत 1000 हर्ट्झचा स्थिर सूर 94 डेसिबलला वाजतो. 94 हा आकडा काही हौसेनं निवडलेला नाही. आवाजाच्या डेसिबलचं शून्य 20 मायक्रोपास्कल दाबावर धरलेलं आहे आणि त्या मापात 1 पास्कल जवळजवळ नेमका 94 वर येतो. काही डब्यांवर 114 चंही बटण असतं, ते 10 पास्कल. सूर वाजत असताना सॉफ्टवेअरला सांगायचं की आत्ता येतोय तो 94. एवढंच. 50 हर्ट्झला किंवा 8000 ला माइक कसा वागतो याबद्दल हा डबा अवाक्षर काढत नाही. माइकचं तोंड भोकात सैल बसलं तर तो 94 सुद्धा खरा नसतो.

गाणाऱ्यांना हे एका वाक्यात कळेल: फाइल स्वरांमधली अंतरं नीट करते, कॅलिब्रेटर सा कुठल्या पट्टीत आहे ते ठरवतो. सा पांढरी चारवर असो की काळी एकवर, राग बिघडत नाही. गंधार हलला तर बिघडतो.

खात्री करायची तर ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा, गेन नॉब (माइकचा आवाज कमीजास्त करणारा) फिरवून बघा. आलेख अख्खाच्या अख्खा वर किंवा खाली सरकतो, पण त्याच्या चढउतारात केसाइतका फरक पडत नाही. म्हणजे नॉबला हात लागला की 94 चं काम मोडलं, फाइलचं शाबूत राहिलं.

आता मुख्य गोष्ट, कुठल्या प्रश्नाला काय लागतं. खोली किती घुमते, हा पहिला प्रश्न. त्यासाठी आवाज थांबल्यावर 60 डेसिबलनं उतरायला किती वेळ लागतो ते मोजतात. घरात एवढी उतरंड स्वच्छ मिळत नाही, म्हणून उणे 5 पासून उणे 25 पर्यंतचा उतार घेऊन तो पुढे लांबवतात. याला टी20 म्हणतात. इथं 94 लागत नाही, कारण मोजायचा आहे तो उतार, उंची नव्हे. आणि गंमत म्हणजे फाइलही जवळजवळ लागत नाही: फ्रिक्वेन्सीच्या प्रत्येक पट्ट्यातला आवाज स्वतःशीच ताडला जातो, त्यामुळे माइकचा कल आपोआप कटतो. फाइल नसलेला ईसीएम8000 सुद्धा हे काम चोख करेल. त्यापेक्षा पंखा बंद करा. खोलीतला गोंगाट स्वीपच्या, म्हणजे मोजताना सॉफ्टवेअर वाजवतं त्या खालून वर चढत जाणाऱ्या सुराच्या, आवाजापेक्षा निदान 35 डेसिबल खाली नसेल, तर टी20 ला अर्थ नाही.

दुसरा प्रश्न, खर्ज कुठं फुगतो आणि कुठं गायब होतो. समोरासमोरच्या भिंतींत किमान कोणती फ्रिक्वेन्सी अडकते ते काढायला ध्वनीच्या वेगाला अंतराच्या दुपटीनं भागायचं. आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेत हा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर. खोली दहा बाय सव्वाआठ फूट असेल तर आकडे येतात अंदाजे 57 आणि 69 हर्ट्झ. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्जही 69 च्याच आसपास! भिंतीलगत तो फुगेल, मधोमध बसलात तर गायब होईल. हे चढउतार सहज 10-15 डेसिबलचे असतात आणि बऱ्या मापाच्या माइकची चूक या भागात एक-दोन डेसिबलची. फाइल लावाच, पण तिच्यामुळे निष्कर्ष बदलेल अशी आशा धरू नका. खरा उपयोग वरच्या टोकाला, 5000 हर्ट्झच्या पुढे. तिथं माइक स्पीकरकडे रोखला तर 0 अंशाची आणि छताकडे उभा धरला तर 90 अंशाची फाइल, हेही पाळावं लागतं. खर्जासाठी दोन्ही सारख्याच.

94 लागतो तो तिसऱ्या प्रश्नाला: आवाज आहे किती? रात्री खोली किती शांत असते, मिक्सिंगला स्पीकर 75 डेसिबलवर ठेवायचा तर तो कुठं येतो, असे प्रश्न. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. स्वतःच्या खिडकीतला आकडा तिच्याशी लावून बघायचा असेल तर आधी सा पक्का हवा. तिथंही एक पाचर आहे. हे आकडे ए-वेटिंगचे, म्हणजे कानाच्या धर्तीवर खालचे सूर कमी धरणाऱ्या मोजणीचे, आहेत आणि ए-वेटिंग 50 हर्ट्झला 30 डेसिबल कापतं. गणपतीत काचा थरथरवणारा खर्ज मीटरवर सोज्वळ दिसतो तो म्हणून. कॅलिब्रेटरवर हे उघडकीला येत नाही, कारण 1000 हर्ट्झला ए, सी आणि झेड तिन्ही वेटिंग सारखंच दाखवतात.

गोंधळाचं मूळ बहुधा यूमिक-1 मध्ये आहे. त्याच्या फाइलच्या पहिल्या ओळीत 'सेन्स फॅक्टर' म्हणून संवेदनशीलतेचा आकडा असतो. आरईडब्ल्यू तो वाचून डेसिबलची पातळीही लावून टाकतं, म्हणून एका फाइलनं दोन्ही झालं असं वाटतं. ती ओळ खोडली तर आलेखाचा आकार तसाच राहील, पातळी मात्र विश्वासाची राहणार नाही. यूमिक-1 थेट यूएसबीला लागतो; इंटरफेसमधून जोडायच्या एक्सएलआर माइकला ही सोय नाही; मधे तुमचा नॉब असतो.

साउंड कार्डचं कॅलिब्रेशन हे तिसरंच प्रकरण. आउटपुटची वायर इनपुटला जोडून कार्डचा स्वतःचा कल मोजायचा. आजच्या इंटरफेसना सहसा त्याची गरज पडत नाही. करायचंच तर फँटम पॉवर (इंटरफेस माइकला पुरवतो ती वीज) आणि डायरेक्ट मॉनिटरिंग (इनपुट सरळ आउटपुटला ऐकवणं) आधी बंद करा. यूएसबी माइकचा कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारा भाग, माइकच्याच पोटात असतो, तिथं हा खटाटोप लागूच होत नाही.

आणि पातळी हवीच असेल, पण कॅलिब्रेटर घ्यायचा नसेल, तर कुणाकडून ध्वनिमापक मीटर उसना आणा. आरईडब्ल्यूचा स्पीकर कॅलिब्रेशनचा आवाज, म्हणजे 500 ते 2000 हर्ट्झमधला पिंक नॉइज, लावा, मीटर सी-वेटिंग आणि स्लोवर ठेवून माइकशेजारी धरा आणि दिसेल तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. त्याआधी विंडोजमधले ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा, आणि नंतर गेनच्या नॉबवर चिकटपट्टी मारा.